माने काकांची हुमणी

माने काका कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढण्याआधी दारातल्या कुंडीत बोट खुपसतात. आमचा मोगरा जरा मलूल दिसला, तर त्यांनी चक्क उपटून हातात घेतला. "वर काय बघताय वहिनी? मुळाशी बघा," असं माझ्या बायकोला सांगून पुन्हा लावूनही दिला. मोगरा त्या धक्क्याने गेला, हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काका सांगलीकडचे, निवृत्त कृषी अधिकारी. उभी हयात उसातल्या हुमणीमागे गेली. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची पांढरी, वाकडी अळी. ती जमिनीत बसून मुळं खाते आणि वर पीक वाळतं. काकू गेल्यावर मुलाने त्यांना कोलकात्याला, न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीत आणलं. मुलगा आयटीत, सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. दिवसभर अकराव्या मजल्यावर काका आणि टीव्ही.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीचं लॉन पिवळं पडलं. माळी पाणी घालून थकला. काकांनी मूठभर गवत ओढलं, तर ते चटईसारखं उचलून आलं. खाली हुमणी. गावचं माणूस भेटावं तसा काकांचा चेहरा खुलला.

तेव्हापासून त्यांचा भाव वधारला. सेक्रेटरी घोषदा रोज बेल वाजवून विचारायचे, "माने-बाबू, पोका मोरलो?" किडे मेले का, एवढंच. काकांना बंगाली येत नाही, म्हणून दुभाषा मी. इस्त्रीचा शर्ट घालून काका संध्याकाळी लॉनवर व्याख्यान द्यायचे आणि मी घाम पुसत भाषांतर करायचो.

दीड महिना झाला तरी लॉन सुधारेना. कमिटी कुरकुरू लागली, बाहेरचा माणूस बोलवू म्हणाली. मी तावातावाने काकांच्या घरी गेलो. सोसायटीने आणलेले औषधाचे चारही पुडे त्यांच्या टेबलावर सीलबंद पडले होते. हे टाकलंच नाही का, मी विचारलं.

काकांनी चारही पुडे एका रेषेत लावले.

"पंधरा दिवसांत काम होतं हो यानं. पण लॉन हिरवं झाल्यावर माझी बेल कोण वाजवणार?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज मात्र वाटली. त्यांच्याच मजल्यावर राहून मी तरी कामाशिवाय कधी आलो होतो?

औषध उद्या दोघं मिळून टाकू म्हणालो आणि चहा मागितला. काकांनी लगबगीने पाहुण्यांच्या कपांचं खोकं काढलं. सांगलीहून निघताना बांधलेली सुतळी अजून तशीच होती. गाठ सुटेना, म्हणून ते कात्री शोधायला आत गेले.