वासाची गाठ

फुलवालीचं नाक वाहू लागलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सायकली दुरुस्त करणारा तिचा नवरा गेला, त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि नणंदेने ते मनात धरून ठेवलं होतं. आता वहिनी उठता-बसता नाक ओढते, डोळे पुसते, हे पाहून नणंद सुनेच्या कानाला लागली, "रडली गं बाई माझ्या दादासाठी एकदाची!"

"आई, मन मोकळं करा," सून म्हणाली.

"अगं, बला दुसती सर्दी झालीये," फुलवाली म्हणाली. पण भरल्या नाकातून तेही हुंदक्यासारखंच बाहेर पडलं.

खरी गोष्ट कपाटात होती. नवऱ्याच्या अंगात शेवटी होता तो स्वेटर तिने धुतलाच नव्हता. वंगण, रबर, घाम... माणूस गेला, वास मागे राहिला. तोही उडून जाऊ नये म्हणून तिने स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. दुकानातून आली की गाठ सोडायची, आत तोंड खुपसायचं, पोटभर श्वास घ्यायचा, पुन्हा गाठ. एवढाच संसार उरला होता.

एके दिवशी वास फिका वाटला. तिचा सारा जन्म फुलांत गेलेला. मलूल फुलाचं काय करायचं, ते तिच्या हातांनाच ठाऊक. तिने स्वेटरवर पाणी शिंपडलं, हलक्या हाताने, आणि गाठ आवळली. दुसऱ्या दिवशी वास आला की! जरा वेगळा, पण आला. मग नाक चोंदलं. चोंदल्या नाकाला वास कमी लागे, म्हणून ती आणखी पाणी शिंपडी. पाणी शिंपडलं की नाक आणखी चोंदे. शेवटी दुकानात निशिगंध कुठला आणि कागदाची फुलं कुठली, हे तिला हात लावून पाहावं लागे.

सुनेने तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"नाकाच्या आत, सायनसमध्ये बुरशी साचलीये," बाई म्हणाल्या. "दुर्बीण घालून काढावी लागेल. घरात ओल आहे का कुठे?"

"दाही."

"बुरशी धरलेली गादी, जुने कपडे? असतील तर टाकून द्या."

फुलवाली पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

ऑपरेशन झालं. बाटलीतला काळपट चिखल पाहून नणंदेने तोंडावर हात ठेवला. "दादाचं दुःख एवढं साचलं होतं, बाई!"

"बुरशी साचली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं."

नणंद खट्टू झाली. वहिनीच्या शोकाचं कौतुक ती गल्लीभर सांगून आली होती. "म्हणजे इतके दिवस ही रडत नव्हतीच?"

"सर्दी आहे म्हणून सांगितलं होतं मी," फुलवाली म्हणाली.

हळूहळू वास परतले. आधी साबणाचा, मग उतू गेलेल्या दुधाचा. घरात कुणी नाहीसं पाहून ती कपाटापाशी गेली. एकदाच, मग टाकून देऊ. गाठ सुटता सुटेना.

नाकाने आपलं काम चोख केलं. कुबट, दमट, कोपऱ्यात विसरलेल्या पोत्याचा वास. तिने गळा हुंगला, बाह्या हुंगल्या, स्वेटर उलटा करून हुंगला. वंगण नाही, रबर नाही, घाम नाही. नुसते हिरवे-काळे ठिपके. जपता जपता थेंबाथेंबाने तिनेच त्याला धुऊन काढलं होतं.

आणि मग ती रडली. ऊर फुटून रडली.

सून बाहेरून धावत आली. "आई! पुन्हा सुरू झालं? आणि हे काय कवटाळून बसलात?"

"घाबरू नकोस गं," नणंद दारातूनच म्हणाली. "नाक आहे ते. एकदा फसले मी, आता नाही."

सुनेने स्वेटर दोन बोटांत धरून बाहेर नेला आणि मिठाचं पाणी घेऊन आली. फुलवालीने बेसिनवर मान तिरकी केली. पाणी एका नाकपुडीतून आत गेलं, दुसरीतून बाहेर आलं. डोळ्यांतलंही त्याच धारेला मिळालं. दोन्ही खारटच, निवडणार कोण?

"बरं वाटतंय का, आई?"

"ओत," ती म्हणाली. "अजून ओत."