हारूनकाकांची गाळाची कॉफी

हारूनकाकांना इस्राएलात जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण बाजारात अजून मराठीतच ओरडतात. "ए, दोन वांगी दे, किडकी नको!" दुकानदार त्याच्या भाषेत कायतरी पुटपुटतो, पण वांगी बरोबर देतो. मी विचारलं तर काका म्हणाले, "जोरात बोललं की कुठलापण माणूस समजतो."

काका मूळचे आमच्या पेणचे, मराठी ज्यू. पेण-रोहा एसटी चालवायचे आणि माझा बाप त्या गाडीवर कंडक्टर. दोघं जन्मभर भांडले, पण डबा एकत्रच खाल्ला. घंटीची सवय काकांची अजून गेली नाय. कोणी पाल्हाळ लावलं की म्हणणार, "सिंगल मार!" म्हणजे थांब. कोणी अडखळलं की, "डबल मार, गाडी कधीची उभी हाय!"

तिकडं गेल्यावरपण दर रविवारी सकाळी काकांचा बापाला फोन. सहा महिन्यांपूर्वी बाप गेला. काकांची मुलगी ज्युलीताई मला म्हणाली, "पप्पांचं हार्ट नाजूक हाय, इतक्यात सांगू नको." रविवारी फोन वाजला आणि मी शहाण्यानं बापाचा आवाज काढून 'हॅलो' केलं. चौथी नापास माणूस मी, गणपतीच्या कारखान्यात माती कालवतो. अक्कल असती तर असं केलं असतं काय? एकदा केलं, मग दर रविवारी करावं लागलं.

शेवटी ताईनंच तिकीट पाठवलं. "समोर बसून सांग. मी हाय बाजूला."

गेलो. काकांनी स्वतः कॉफी केली. काचेच्या ग्लासात पूड, वेलची, वरून उकळतं पाणी. गाळणं नाय, काय नाय. "थांब, बसू दे जरा," म्हणाले. पण माझा हात थांबतोय कुठं? कारखान्यात शाडूची माती खाली बसली की शेठ बोंबलतो. त्यात मनात धाकधूक, सांगितलं आणि म्हातारा इथंच आडवा झाला तर? मी ढवळत राह्यलो. मग घटाघट प्यालो. खाली चिखल उरला. दुसऱ्याच्या घरी उष्टं टाकू नये म्हणून तोपण चमच्यानं खाल्ला. चावून.

काका बघतच राह्यले. "अरे दत्त्या, गाळ खाल्लास! तो टाकायचा असतो!"

माझे दात काळे, घशात पूड, डोळ्यांत पाणी. ताई दारात येऊन उभी राह्यली. मी सुरुवात केली, "काका... ते बाबा..."

"डबल मार."

"बाबा गेले, काका. फोनवर मीच होतो."

काका हलले नायत. "ठाऊक हाय. पहिल्याच रविवारी कळलं. तुझ्या बापानं 'मर मेल्या' म्हटल्याशिवाय कधी फोन ठेवला नाय. आणि तू म्हणतोस, तब्येतीला जपा!"

"मग फोन का करत राह्यलात?"

"म्हटलं, पोराचा बाप नुकता गेलाय. आठवड्यातून एकदा तरी त्याचा आवाज घरात निघू दे."

काकांनी माझा हात धरला. "दत्त्या, एकदा बोल की. त्याच्यासारखं. मर मेल्या म्हण."

सहा महिने खोटं बोललेलं तोंड. उघडलं, आवाजपण काढला, पण आलं काय तर, "तब्येतीला जपा, काका."

"नाय जमत तुला," काका म्हणाले. पण हात काय सोडला नाय.