एक सोडून वाजवणारे नाखवा

आमचे नाखवा जिना चढताना एक पायरी सोडून चढायचे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पाठीवर गिटारची भलीमोठी पेटी, आणि तरी पहिली पायरी सोडून दुसरी, तिसरी सोडून चौथी. "अहो, पडाल!" असं मी दारातून ओरडले की वरच्या वळणावरून उत्तर यायचं, "वहिनी, एकवर पाय द्यायचा नसतो. दोनवर धरायचं!"

बरं, जिन्यापुरतं असतं तर ठीक. ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बाकाची पहिली जागा रिकामी असली तरी हे दुसरीवर बसणार. भाजीला निघाले की पहिली भाजीवाली सोडून दुसरीकडे. त्या पहिलीने चार वर्षं मनात ठेवलं, आणि एका सकाळी टोपली उचलून दुसऱ्या नंबरला जाऊन बसली. मुलगी घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहते, तिच्याकडे जायचे ते एक रविवार सोडून. "अहो, दर रविवारी बोलावते ना ती?" तर म्हणे, "मधला रविवार मोकळा ठेवला की पुढचा वाजतो."

नाखवा जाऊन आता आठ महिने झाले. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये नाव काढलं की लोक म्हणतात, "ते पायऱ्या सोडून चढणारे ना?" हो, तेच. पण ते खरे कोण होते ते कुणाला धड माहीत नाही, आणि ते मला चालणार नाही. म्हणून लिहायला बसलेय.

सुरुवातीला मलाही कुठे माहीत होतं म्हणा. आमच्या वरच्या मजल्यावर ते नवीन राहायला आले तेव्हा मी चहा घेऊन गेलेले. बायको आधीच वारलेली, सामान फारसं नव्हतं. विचारलं, "काय करायचात?" ते म्हणाले, "दिवसा वागळे इस्टेटला कारखान्यात लेथवर, आणि संध्याकाळी जॅझ वाजवायचो." मी ऐकलं, झांज. मला काय आनंद झाला! आमच्या सोसायटीच्या गणपतीला तबला होता, पेटी होती, झांजेला माणूस नव्हता.

गणपतीत मी त्यांना बोलावलं आणि हातात झांज दिली. त्यांनी झांजेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता उभे राहिले. आरती सुरू झाली. सगळ्यांची टाळी पडायची, मग क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत यांची झांज. पहिल्या कडव्याला लोकांना वाटलं, म्हातारा चुकतोय. दुसऱ्या कडव्याला सगळे चुकायला लागले. गुरुजींनी मागे वळून पाहिलं. निरांजन ओवाळणाऱ्या सेक्रेटरी देवधरांचा हात उलटा फिरायला लागला. आरतीनंतर मी दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, झांज वाजवता म्हणालात ना?"

"जॅझ, वहिनी. जॅझ. गिटारवर."

"मग मगाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने दिलीत. नाही कसं म्हणू?"

मग हळूहळू कळत गेलं. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा मुलगा. वडील होडीवर, आई बाजारात मासळी विकायला. शेजारी एक गोवेकर मास्तर राहायचे, त्यांनी गिटार हातात दिली. पुढे कारखान्याची पहिली पाळी संपली की हात धुवायचे, टाय लावायचे आणि मुंबईच्या बड्या हॉटेलात वाजवायला जायचे. तिथे हरेश्वर हे नाव मालकाच्या जिभेला जड, म्हणून झाले हॅरी. "लोक ऐकायचे का हो?" मी विचारलं. म्हणाले, "लोक सूप प्यायचे. सूपचा आवाज माझ्या गिटारीपेक्षा मोठा." सिनेमाच्या गाण्यांतही ते वाजवत. पण तबकडीवर गाणाऱ्याचं नाव, संगीत देणाऱ्याचं नाव, आणि खाली वादकांची जागाच नाही.

याचा एक वेगळाच त्रास कट्ट्याला होता. समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर जुनी गाणी लागलेली असायची. आम्ही गप्पांत रंगलेलो असलो की नाखवा एकदम हात वर करायचे. "थांबा! गप्प! आता." सगळे श्वास रोखून. दोन कडव्यांच्या मध्ये गिटारचा एक इवलासा तुकडा यायचा, शिंक यावी एवढा. "हा मी," म्हणायचे. "झालं. आता बोला."

एक दिवस असंच "हा मी" झालं, आणि देवधर म्हणाले, "कशावरून?" चेष्टेतच म्हणाले हो, देवधर मनाचे वाईट नाहीत. पण नाखवांचा चेहरा उतरला. परतताना जिन्यात म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं वहिनी. इतकी वर्षं वाजवलं, पण समोर बसून, नाव ऐकून, माझं म्हणून कुणी ऐकलेलंच नाही. डोंबिवलीत तर नाहीच."

त्याच पायरीवर मी ठरवलं. यांचा कार्यक्रम करायचा. यांच्या नावाने, आपल्या हॉलमध्ये, हे जिवंत असताना. माझं एकदा ठरलं की आमचे हे पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसतात. त्या दिवशीही गेले.

अडचण एकच, खुद्द नाखवाच तयार होईनात. "एकट्याने नाही वाजवत वहिनी. जॅझ म्हणजे गप्पा. मी बोलणार, दुसरा हुंकार देणार. एकटाच बोलत बसणाऱ्याला लोक काय म्हणतात?"

"ज्येष्ठ नागरिक," गॅलरीतून आमचे हे.

"मग तुमचे जुने साथीदार बोलावू," मी म्हटलं.

"ड्रमवाला गेला. बेसवाला मुलाकडे कॅनडाला. पियानोवाला आहे इथे कल्याणला, पण त्याला आता मी आठवत नाही."

मी थोडीच सोडतेय. तबल्याच्या क्लासचे सर आणले. दोघांनी अर्धा तास चहा घेतला आणि वाद घातला. सर म्हणाले, "अहो, तुम्ही समेवर येणार की नाही?" नाखवा म्हणाले, "येईन की. जरा वाट तर बघू दे तिला." सर चहा संपवून गेले ते परत आले नाहीत. मग नातवाकडून मोबाइलमध्ये ठेका भरून घेतला. नाखवांनी तो दोन मिनिटं ऐकला आणि फोन पालथा ठेवला. "याला काही विचारलं तरी हा तेच सांगतो."

शेवटी सुटलं ते भलतीकडूनच. मंगळवारी आमच्या घरी भजनी मंडळ असतं. मी टाळ वाजवते, चाळीस वर्षं झाली. नाखवा डबा परत द्यायला आलेले, ते दारातच उभे राहिले. भजन संपलं, बायका गेल्या, तरी हे उभेच.

"वहिनी, हे तुमच्या हातात काय आहे माहीत आहे का?"

"टाळ."

"हाय-हॅट आहे ती! ड्रमवाल्याच्या पायाशी अशाच दोन चकत्या असतात. छन्, छन्. तुम्ही याल का माझ्या साथीला? फक्त एकवर मारायचं नाही. दोन आणि चार."

मी हो म्हटलं. मला वाटलं, त्यात काय एवढं!

काय सांगू, रोज दुपारी चारला ते गिटार घेऊन खाली यायचे आणि रोज माझा हात एकवर पडायचा. चाळीस वर्षांची सवय हो ती! "नाही वहिनी. विठोबाला जरा बसू द्या, दोनवर उठवा." पुन्हा एकवर. मग रंगात येऊन त्यांची कोळीवाड्याची भाषा सुटायची. "नाय गो बाय, एकवर नाय!" मी पोळ्या लाटताना मोजायचे, रस्त्याने चालताना मोजायचे. एक गप्प, दोन छन्, तीन गप्प, चार छन्. एका मंगळवारी चुकून भजनातच दोनवर वाजवलं. पेटीवाल्या बाईंनी पेटी मिटली आणि म्हणाल्या, "सुमनताई, बरं नाही का वाटत?"

पंधरा दिवस गेले तरी जमेना. मी टाळ खाली ठेवले आणि म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही. एकवर गप्प बसायचं तर तिथे करायचं तरी काय?"

नाखवांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "माझा बाप वल्हवायचा ना, तेव्हा मी समोर बसलेला असायचो. एकवर वल्हं पाण्यात जायचं. आवाज नाही. दोनवर ओढायचा, तेव्हा आवाज. पाण्यात घातल्याशिवाय ओढणार काय? एकवर गप्प नाही बसायचं वहिनी. एकवर हात पाण्यात घालायचा."

मी टाळ उचलले. एकला हात पाण्यात, दोनला ओढ. छन्. पुन्हा छन्. नाखवांनी माझ्याकडे न बघता गिटार सुरू केली, आणि आमची होडी जी निघाली! गॅलरीत पेपर खाली झाला, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

कार्यक्रम ठरला. बॅनर छापून आला, तर त्यावर 'श्री. हरेश्वर नाखवा यांचे सुश्राव्य झांजवादन', आणि खाली ढोलपथकाचा फोटो. मी तशीच दुकानात गेले. छपाईवाला म्हणाला, "काकी, मला वाटलं तुमच्याकडून लिहिताना चुकलं, म्हणून मी सुधारलं." त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि 'जॅझ' छापून हातात पडल्यावरच उठले.

रविवारी सकाळी दहाला हॉल अर्ध्याहून जास्त भरला. निम्मे लोक नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आलेले, मला माहीत आहे. नाखवांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, टाय लावलेला. मी माइक घेतला आणि म्हटलं, "गिटारवादक, हरेश्वर धर्मा नाखवा!"

ते माझ्या कानाशी आले. "वहिनी, माइक बंद होता. परत म्हणा."

माइक चांगला चालू होता. मी परत म्हटलं, मोठ्याने.

मग त्यांनी वाजवलं. मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही, पण एवढं सांगते, गिटार त्या दिवशी बोलत होती. मध्येच थांबत होती, हसत होती, एखादी गोष्ट अर्धी सांगून माझ्याकडे बघत होती, आणि मी छन् करून 'हं, पुढे?' म्हणत होते. पहिल्या तुकड्याला टाळ्या जरा चाचरत आल्या. दुसऱ्यानंतर मागून फर्माईश आली, "आता एखादं भावगीत होऊ द्या!" तिसऱ्याला मात्र हॉलमध्ये खोकलासुद्धा नव्हता. देवधरांचा पाय हलत होता, आणि तोही दोनवर! शेवटी नाखवांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "टाळावर, सुमन सावंत." सावंतवहिनी नाही, काकी नाही, आजी नाही. सुमन सावंत. लग्नानंतर माझं पूर्ण नाव असं चारचौघांत पहिल्यांदाच कुणी घेतलं असेल.

वडे खाताना देवधर त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "नाखवा, टपरीवर ते वाजतं ना मधलं, ते तुमचंच." नाखवांनी नुसती मान हलवली आणि दुसरा वडा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जरा आडवी झालेले. दीड महिन्याने मोकळी दुपार मिळालेली. बेल वाजली. दारात नाखवा, पाठीवर गिटारची पेटी.

"वहिनी, तिसऱ्या गाण्यात तुमचा हात दोनदा एकवर पडला."

"पडला असेल हो. पण आता झाला ना कार्यक्रम?"

"झाला."

"मग? दुसरा ठरलाय का कुठे?"

"नाही." त्यांनी पेटीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. जिन्याकडे पाहिलं. "चार वाजले. वर बसून काय करायचं सुचेना. तुमची झोप मोडली असेल तर जातो."

आतून आमच्या ह्यांनी हाक मारली, "अगं, दारात काय उभी केलीयस त्यांना? आत घे. चहा मी टाकतो."

मी दार पुरतं उघडलं, आणि टाळ शोधायला गेले.