पोह्यांच्या आधी कबरस्तान

आमचे पनवेलचे शेजारी भाऊकाका कुणाच्याही पाहुण्याचा चहा संपला की म्हणायचे, "चला, कबरस्तान बघून येऊ."

काका रिटायर्ड ओव्हरसियर. गावातल्या रस्त्यांवर त्यांचा फार राग. "एक रस्ता सरळ असेल तर शपथ. इथं सरळ राहायचं तर माणसाला मरावं लागतं." मग पाहुण्याला मुसलमानांच्या कबरस्तानात नेऊन दाखवायचे, कबरी कशा सगळ्या उत्तर-दक्षिण, चाफे कसे अंतर सोडून लावलेत. तिथून इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांच्या कबरींकडे. "हे बघा, वर हिब्रू, खाली मराठी. आणि निचरा बघा. थेंबभर पाणी थांबत नाही. आपल्या गल्लीत आहे असा?"

गल्लीत नव्हता, हे खरं. पण ते पाहुण्याला सांगायची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी ताईला बघायला पेणची मंडळी आली. एसटी लवकर पोचली आणि पोहे व्हायचे होते, म्हणून वडील काकांना म्हणाले, "यांना जरा गाव दाखवा." वडिलांच्या मनात देऊळ आणि तळं होतं.

तासाभराने मुलाची आई लालबुंद होऊन परतली. "आम्ही मुलगी बघायला आलो होतो. जागा बघायला नव्हे." पोहे न खाताच मंडळी गेली. वडिलांनी काकांशी बोलणं टाकलं.

पुढचं स्थळ आलं ते महाडचं. माधव नावाचा मुलगा, बरोबर त्याचे मामा. मामा आल्या आल्या आरामखुर्चीत घोरू लागले. तेवढ्यात ताईनेच मागच्या दाराने काकांना निरोप धाडला, "यांनाही दाखवून आणा. घाबरायचे असतील तर आत्ताच घाबरू देत." वडिलांना कळलं तेव्हा दोघं निघालेही होते. त्यांनी मला मागे पिटाळलं. मी तेव्हा नुकता शाळेत मास्तर झालो होतो आणि असल्या कामाला घरात मीच होतो.

माधव घाबरला नाही. सगळं नीट बघितलं, कबरींवरची मराठी मोठ्याने वाचली. मग सहज म्हणाला, "काका, आपल्यात मात्र मागे काहीच राहत नाही."

काका आम्हाला खाडीच्या अंगाला एका उघड्या माळावर घेऊन गेले. तिथे नुसतं गवत होतं.

"माझी मुलगी आहे इथं कुठंतरी," ते म्हणाले. "दात यायचे होते, म्हणून पुरली. वर दगड ठेवायची आपल्यात रीत नाही. मी एक काठी रोवली होती, ती पहिल्याच पावसात वाहून गेली. अख्ख्या गावाची मापं घेतली मी. तेवढी जागा मापायचं त्या दिवशी सुचलं नाही."

वीस वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं. माधवनं वहाणा काढल्या आणि विचारलं, "नाव काय होतं हो तिचं?"

"कुसुम," काका म्हणाले. "बारसं झालं होतं." मग ती कशी हसायची, कुणासारखी दिसायची, हे बराच वेळ सांगत राहिले. माधव मधूनमधून एखादा प्रश्न विचारत होता.

घरी पोचलो तेव्हा पोहे गार झाले होते आणि वडील दारात उभे होते. ते काकांकडे वळले, तेवढ्यात माधव म्हणाला, "उशीर माझ्यामुळे झाला. मीच काकांना बोलत ठेवलं."

ताई आतल्या दाराशी उभी होती. आमच्याकडून होकार तेव्हाच गेला, पोहे नंतर गेले.