अप्पांच्या भुताला ऑक्सिजन लागतो

अप्पांच्या भुताला ऑक्सिजन लागतो. टाकी संपली की ते धापा टाकत पायरीवर बसतं आणि वाटसरूंना सोडून देतं. हे मी प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा माझी वाचाच बसली. माझी वाचा बसणं ही परंड्यात बातमी आहे.

अप्पा एसटी स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही म्हणून आम्ही मोहीम काढली होती. पत्रकावर त्यांची सही घ्यायला मी एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. "अप्पांकडं फासे पडतात," असं गल्लीत ऐकलं होतं. निवृत्त कर्मचाऱ्याच्या घरात जुगार! पुढच्या पत्रकाचा मथळा मी चपला काढतानाच तयार केला.

आत टेबलाभोवती तिघं बसलेली. रफीकभाई शिंपी, मेंढ्या राखणारे बिरूमामा आणि निवृत्त नर्स सुशीलाबाई. पैसा नाही, पत्ते नाहीत. फासे मात्र होते, आणि त्यातल्या एकाला वीस बाजू होत्या. खेळ असा, की अप्पा गोष्ट सांगतात आणि प्रत्येक जण त्या गोष्टीतला एक माणूस होतो. आपण काय करणार ते सांगायचं, फासा टाकायचा, आणि ते जमलं की फसलं हे नियमांच्या पुस्तकात बघायचं.

गोम पुस्तकांत होती. पुण्यातल्या भाच्यानं खोली सोडताना इंग्रजी पुस्तकांचं एक पोतं अप्पांकडं पाठवलेलं. एक तलवारबाज सरदारांचं, एक अंतराळयानांचं, एक गुप्तहेरांचं. तीन वेगळे खेळ. अप्पांनी तिन्ही एकाच खेळाचे भाग म्हणून चालवले. त्यामुळं त्यांच्या गोष्टीतल्या भुताला ऑक्सिजन लागतो, आणि राक्षस समोर आला की आधी जबाब नोंदवतो. बिरूमामांच्या तलवारीत इंधन भरावं लागतं. आणि रफीकभाईंच्या घोड्याला उतरायची परवानगी मिळाली नाही म्हणून तो सलग तीन रविवार किल्ल्याभोवती घिरट्या घालत होता.

"अप्पा, घोडं हाय का घार?" बिरूमामांनी विचारलं.

"नियम हाय, मामा."

"मग खाली कधी यायचं?"

"फलाट रिकामा झाला की."

मी सहीचं विसरून तिथंच बसले. हा उघड उघड अन्याय होता, आणि अन्याय दिसला की मला उठता येत नाही. मी अप्पांना स्पष्ट सांगितलं, "ही या लोकांची फसवणूक आहे. मुलूख एका पुस्तकातला, कायदा दुसऱ्या पुस्तकातला. असं कुठं असतं?"

"स्टँडावर," अप्पा म्हणाले. "गाडी एका आगाराची, ड्रायव्हर दुसऱ्याचा, कंडक्टर तिसऱ्याचा. तरी कुर्डुवाडी येतीच का न्हाय?"

असल्या उत्तरानं मी गप्प बसणारी नव्हे. आठवडाभरात तलवारीचं पुस्तक मी अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं आणि पत्रक छापलं: 'एक खेळ, एक नियम. खेळाडूंनो, जागे व्हा.' एक प्रत अप्पांच्या दाराला चिकटवली, तिघांना घरपोच दिली. बिरूमामांना वाचूनही दाखवली.

अप्पांनी पत्रक चष्मा पुसून दोनदा वाचलं. "भाषा लई झणझणीत हाय," म्हणाले. "तू म्हणशील तसं खेळू, पोरी. फक्त टेबल मोडू देऊ नको."

"टेबल कशाला मोडेल?" मी म्हणाले.

त्या रविवारी खेळ शुद्ध झाला. पुस्तक माझ्या हातात होतं. अर्ध्या तासात बिरूमामा खड्ड्यात पडून मेले. पाठोपाठ रफीकभाईंना लांडग्यानं गिळलं.

"म्हंजे आता म्या काय करायचं?" रफीकभाई.

"मेलेला खेळाडू खेळातून बाद," मी वाचून दाखवलं.

"बरं," म्हणून ते उठले. तीन शेरवान्या शिवायच्या राहिल्यात, असंही काहीतरी पुटपुटले. बिरूमामांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "मेलेल्या माणसानं च्या प्यावा का?" पुस्तकात त्याबद्दल काही नव्हतं. ते चहा न घेताच गेले.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. सुशीलाबाईंनी गुडघ्याचा निरोप पाठवला. अप्पा एकटेच फाशांसमोर बसले होते. मी म्हणाले, "नवीन माणसं घेऊन नवा खेळ सुरू करता येतो. पान बारावर दिलंय."

"ठाऊक हाय. पान बारा म्याबी वाचलंय."

"कधी?"

"पोतं आलं त्याच महिन्यात. तीन पुस्तकं तीन खेळांची हायत, हे मला कळत न्हवतं व्हय? तीस वर्षं पाट्या वाचल्या म्या." ते फासा हातात फिरवत राहिले. "मरायचा नियम तिन्ही पुस्तकांत हाय, पोरी. पण एकाचा दुसऱ्याला लागू व्हत न्हाय. म्हणून समदी मिसळली. मेला की माणूस उठून घरी जातो. आन् स्टँडावर एक गाडी गेली की मागनं दुसरी लागायची. हितं तसं न्हाय."

मला घाम फुटला. मोर्चात पोलीस समोर आले तरी फुटला नव्हता. एका माणसानं महत्प्रयासानं जुळवलेलं टेबल मी छापील पत्रकानं मोडलं होतं, तेही न्यायाच्या नावाखाली.

तडक रफीकभाईंच्या दुकानात गेले. ते मशीनवर वाकलेले होते, तोंडात टाचण्या.

"रफीकभाई, तुम्ही मेलेले नाही. माझी चूक झाली."

त्यांनी टाचण्या काढल्या. "लांडग्यानं गिळलं की मला. तुमीच वाचलं."

"गिळलं. पण लांडग्याचं दार आतून उघडतं."

"कुठल्या नियमानं?"

"अंतराळयानाच्या," मी म्हणाले. असं कुठल्याच पुस्तकात नाही. सार्वजनिक कामात खोटं बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ.

रफीकभाईंनी टाचण्या मशीनवर ठेवल्या. मग शेरवानीची बाही सरळ करत म्हणाले, "बरं. मग रविवारपर्यंत आतच बसतो. बिरूमामांचं कसं करायचं, त्ये जाता जाता बगू."