सोळा सोमवार आणि तीन बाटल्या

माझ्या हातून जे झालं ते सांगायची लाज वाटते. पण गल्लीतल्या बायका आडून आडून विचारतात, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

आमचा आदिनाथ नाशिककडे वाइनच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याचं लग्न जमावं म्हणून मी सोळा सोमवार केले. सोळावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मोडनिंबच्या मुक्ताबाई, म्हणजे आदिनाथला सांगून आलेल्या अंकिताची आई, घर बघायला यायच्या ठरल्या. त्यांची अट एकच. "कारखान्यात काय का असंना, घरात थेंब चालायचा न्हाय." मी महादेवाची शपथ घेऊन हो म्हटलं.

आणि मंगळवारी दुपारी आदिनाथनं बॅगेतून तीन बाटल्या काढल्या! सोलापुरी जेवणाबरोबर कोणती वाइन जाते, ते त्याला साहेबांना लिहून द्यायचं होतं.

"आई, चटणी मिक्सरची की उखळातली हे तू वासावर सांगतेस. तुझीच जीभ पाहिजे. नुसती चव घ्यायची अन् थुंकायचं."

मुलाच्या नोकरीचा प्रश्न. मुक्ताबाई पाचला येणार, अजून तीनच वाजलेले. (आज आपला उपास नाही, हेही मी मनात तपासलं. पाप करायचं तेही वार बघून!)

पेला तोंडाला लावायला मन धजेना. म्हणून उजवा तळहात पुढं केला आणि म्हटलं, "चमच्यानं घाल." आता तळहातावर घेतलेलं थुंकायचं कसं? गिळलं. आणि चाळीस वर्षांच्या तीर्थाच्या सवयीनं ओला हात डोक्यावरून फिरवला.

पांढरी वाइन कडक भाकरी-शेंगाचटणीबरोबर, गुलाबी धपाट्याबरोबर, लाल भरल्या वांग्याबरोबर. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. दर खेपेला हात डोक्यावरून.

"लाल जांभळासारखी जीभ ओढते, पण वांग्याच्या तेलाला बरी," मी म्हटलं. आदिनाथ भराभर लिहून घेत होता, तोच दाराची कडी वाजली. मुक्ताबाई तासभर आधीच!

बाटल्या दिवाणात गेल्या. मुक्ताबाई माझ्या शेजारी टेकल्या, नाक वर करून त्यांनी हुंगलं आणि समोर बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. (ह्यांनी उभ्या जन्मात सुपारी खाल्ली नाही.)

"काय भाऊ, दुपारच्यालाच व्हय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. देवानं तोंड फिरवलं नाही, हीच त्याची दया. ह्या बिचाऱ्यांनी मान खाली घातली.

"येते मी," म्हणत मुक्ताबाई उठल्या. सोळा सोमवार दाराकडे निघालेले मला दिसले. त्याहून ह्यांची ती खाली घातलेली मान बघवेना.

"अहो, ते नव्हेत! मी!" म्हणून मी त्यांच्यापुढं डोकं वाकवलं. त्यांनी माझा अंबाडा हुंगला. मी रडत रडत सगळं सांगितलं, तळहातापासून दिवाणापर्यंत.

मुक्ताबाई पदर तोंडाला लावून बराच वेळ हलत होत्या. मला वाटलं, रडतात. मग चहा प्यायल्या, धपाटं मागून घेतलं आणि निरोप घेऊन निघाल्या.

फाटकाशी उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. मोडनिंबला फोनशिवायही ऐकू गेलं असतं, मग आमच्या गल्लीची काय कथा!

"व्हय, ठरवून टाका. पोरगं निर्व्यसनी हाय. सासरा तर लई गरीब गाय. सासू तेवढी पिती!"