इरम्माची परात

शाळेतून निवृत्त झाल्यावर रणधीर गुरुजी घराण्याचा इतिहास लिहायला बसले. नियम एकच: पुराव्याशिवाय नोंद नाही. पणजोबांपर्यंतच्या पिढ्या नीट लागल्या आणि गाडं अडलं ते स्वतःच्या आईवडिलांच्या लग्नापाशी. लोहाऱ्याच्या तालुका कचेरीत नोंद नव्हती, घरात पत्रिका नव्हती, फोटोचा तर प्रश्नच नव्हता. गुरुजींनी वडिलांच्या, म्हणजे धुळाप्पांच्या, नावापुढची पत्नीची जागा कोरी सोडली.

"मग तुम्ही आलात कुठून?" भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोनं, शिवानीनं, विचारलं.

शेंगा फोडत बसलेल्या आईला, मथुराबाईंना, मात्र हसू आलं नाही. सगळा जन्म या घरात राबून मुलाच्या पुस्तकात आपण कुठंच नाही, हे त्यांना फार लागलं.

"मामानं लग्नात पितळी परात दिल्ती," त्या म्हणाल्या. "माझं नाव टाकून. ती बघ."

"कुठाय ती, अव्वा?"

"तुझ्या आत्याच्या लग्नात दिली. नवी आणायची ऐपत न्हवती. चिंच लावून घासली, तिचं नाव टाकलं अन् दिली. तिला कुठं वाचाया येतंय?"

आहेरातलं भांडं पुढच्या आहेरात जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त बोलायचं नसतं. गुरुजी येडशीला जाऊन नेमकं तेच बोलले, तेही आत्याच्या सुनेसमोर.

"म्हंजे वैनीनं मला जुनी परात दिल्ती व्हय?" आत्याच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनी पाणी आलं.

"ते जाऊ द्या. आता कुठाय?"

आत्या पदराशी चाळा करत राहिली. "आमच्या दिराच्या लग्नात... दिली."

सून तोंडाला पदर लावून आत गेली.

दीर म्हणजे मुरुमचे बलभीमराव. गुरुजींची एसटी मुरुमला पोचायच्या आधी आत्याचा फोन पोचला होता. चहाचं कुणी नाव काढलं नाही.

"दिलेला आहेर परत मागता व्हय, गुरुजी?"

"मागत न्हाय. नुसती बघायचीय."

"मग घरी जाऊन बघा. तुमच्याच लग्नात दिलीय म्या."

घरी परातीचं नाव निघताच शिवानी गोरीमोरी झाली. लग्नापासून माळ्यावर गुंडाळून ठेवलेली ती परात तिनं कालच खाली काढून घासली होती. रविवारी भाचीचं लग्न होतं.

काठावर नावांची दाटी झाली होती. सर्वांत झिजलेली ओळ गुरुजींनी चष्मा पुसून वाचली, "'चि. सौ. कां. इरम्मा हिस मामाकडून.' ही इरम्मा कोण?"

"मी," मथुराबाई म्हणाल्या. "सासूनं मथुरा केलं. इरम्मा म्हणून हाक मारणारं आता कुणी ऱ्हायलं न्हाय."

गुरुजींना लाज वाटली. साठीला आले तरी आईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. पण आतला मास्तर गप्प बसेना.

"अव्वा, यावर तारीख न्हाय अन् अप्पांचं नावबी न्हाय. इरम्माचं लग्न झालं एवढंच ठरतं. कुणाशी झालं, ते न्हाय."

मथुराबाईंनी परात मांडीवर घेतली आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मग मला लिव. माझा पुरावा हाय."

"अन् अप्पांचं?"

"त्यांचं बघू. इचार करून सांगते."

रविवारच्या लग्नाला शिवानीनं नवी परात घेतली. गुरुजींच्या पुस्तकात आज त्या पानावर आधी इरम्मा आहे. खाली लिहिलंय: पती, धुळाप्पा. पुरावा नाही, पत्नीच्या सांगण्यावरून नोंद घेतली.